पिवळी रेघ

लेकीच्या गाडीचा राग आमच्या घरात एकट्या मलाच यायचा. स्वरूपानं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारावर घेतली ती. दिसायला एवढीशी, मागून कुणी कापून टाकल्यासारखी आखूड, पण बॉनेटखाली टर्बो. मी विचारलं, "टर्बो म्हणजे काय गं बाई?" तर म्हणाली, "आई, पाय दाबला की पाठ सीटला चिकटते." मी म्हटलं, "पाठ चिकटवायची तर गादीवर झोप की, त्याला गाडी कशाला हवी?" बापलेक दोघं खोखो हसले. हसा म्हटलं. आईचं बोलणं हसण्यावारी न्यायचं, ही आमच्या घरची रीतच आहे.

बापाला मात्र त्या गाडीचं कोण कौतुक! आमचं गॅरेज कुरुळीत आहे. पुढं पत्र्याची शेड, मागं आमच्या राहत्या दोन खोल्या. दारात दिवसभर गाड्या येतात, पण लेकीची गाडी आली की आमचे हे, म्हणजे नवनाथ, हात धुऊन आणि स्वच्छ फडकं घेऊन तिच्याजवळ जातात. तिचं ऑइल वेगळं, तिचा फिल्टर वेगळा, आणि उपदेश तर विचारूच नका. "स्वरू, टर्बोची गाडी जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ तशीच चालू ठेव. आतलं सगळं तापून लाल झालेलं असतं, त्याला निवू दे. आणि तेवढ्यात आत बसून राहू नको. खाली उतर, गाडीला एक फेरी मार, चारी चाकं बघ." पोरगी हे सगळं पाळायची. माझं एक ऐकलं नाही तिनं जन्मात, पण बापाचा शब्द खाली पडू द्यायची नाही. गाडी चालवताना फोन समोरच्या कप्प्यात, तोही आवाज बंद करून, हा नियमही बापाचाच.

चाकं बघ म्हणजे काय बघ, ते आधी सांगते. त्याशिवाय त्या दिवशी काय झालं ते कळायचं नाही.

हे आणि त्यांचा दोस्त नागसेन, दोघं चाकणच्या एका कंपनीत लाइनवर शेजारी शेजारी उभे राहायचे. ह्यांचं काम चाकाचे नट आवळायचं. गाडी पुढं सरकली की नागसेनचं काम. तो तपासायचा आणि प्रत्येक नटावर पिवळ्या मार्करनं रेघ ओढायचा, नटावरून निघून चाकावर उतरणारी. रेघ म्हणजे नट मापात आवळलाय याची साक्ष. पुढं कधी नट फिरला तर रेघेचे दोन तुकडे होतात, लांबूनसुद्धा कळतं. बारा वर्षं दोघांनी हेच केलं, आणि त्या बारा वर्षांत कामावर एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मशिनींच्या दणदणाटात बोलणार काय, आणि गरजही नव्हती. न आवळलेली गाडी नागसेनसमोर यायचीच नाही. साहेब लोक नव्या पोरांना आणून दाखवायचे, बघा, काम असं करतात. मी दोघांना मुक्यांची जोडी म्हणायचे. चहाला बसले की मात्र मेले असे बोलत सुटायचे की उठवायला काठी घ्यावी लागायची.

कंत्राट संपलं, दोघं बाहेर पडले आणि मिळून हे गॅरेज टाकलं. इथं मशिनींचा आवाज नाही, पण सवय तीच राहिली. गाडी लिफ्टवर असताना हे नट नुसते हातानं बसवून घेतात. खरं आवळणं गाडी जमिनीवर उतरल्यावर, टॉर्क पान्यानं. हातभर लांब असतो तो पाना, ठरवलेलं माप पुरं झालं की 'टक' वाजतो. गाडी खाली घेतली की हे पाणीसुद्धा पीत नाहीत, आधी चारी चाकांची टकटक उरकतात. म्हणून नागसेनला डोळे मिटून ठाऊक, गाडी खाली म्हणजे आवळलेली. तो खिशातला मार्कर काढतो आणि रेघा ओढून मोकळा होतो. कोण कुणाला विचारत नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी स्वरूपा गाडी घेऊन घरी आली. ती आणि नागसेनची लेक आम्रपाली, आमची आमू, रावेतला एका फ्लॅटमध्ये राहतात, लहानपणापासूनच्या जोडीदारणी. नवमीला दुपारी चार वाजता आमूची नवी मुंबईत मुलाखत होती आणि स्वरूपा तिला एक्स्प्रेसवेनं घेऊन जाणार होती. घाट उतरायचाय म्हणून बापानं ऑइल बदललं, ब्रेकचे पॅड बदलले, पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली. जेवायला हाका मारून माझा घसा बसला तेव्हा गाडी लिफ्टवर तशीच ठेवून आत आले. म्हणाले, "उरलेलं सकाळी."

सकाळी मी लवकर उठले. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्या बीडकडं विळे-कोयते मांडतात, इथं पाने आणि पकडी. सगळी हत्यारं पुसून लख्ख केली, लाल कापडावर मांडली, मधोमध टॉर्क पाना ठेवला, कारण घर त्याच्यावर चालतं. एकदा मांडलेलं हत्यार आरती होईपर्यंत उचलायचं नाही, ही माझ्या सासूची शिस्त. सासू गेली, शिस्त मी सोडली नाही. हे गाडी लिफ्टवरून खाली घेऊन आत आले आणि हात पुढं केला.

"विजू, तेवढा पाना दे. दहा मिनिटांचं काम आहे."

"मांडलाय तो. हळदकुंकू लागलंय त्याला."

"अगं, पोरीच्या गाडीचं आहे."

"पोरगी एकला निघणार. आरती त्याच्या कितीतरी आधी होईल. आणि झेंडू कुठाय? फुलांशिवाय पूजा करू का मी? आधी चाकणला जा, उशिरा गेलात तर चेपलेली फुलं पदरात पडतील."

ते गेले. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा चाकणच्या चौकातली गर्दी बरी, असं त्यांना वाटलं असणार.

मी पुरण वाटायला बसले. तेवढ्यात शेडमधून नागसेनची हाक आली, "वहिनी, शिडी नेतो!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या संत तुकाराम नगरच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, झेंडे बांधायला त्याला शिडी हवी होती. मी आतूनच "न्या की" म्हटलं. त्याला चहा तरी विचारायला बाहेर गेले असते, तर कदाचित एक शब्द निघाला असता. पण हात पुरणाचे होते.

नागसेन गेला आणि थोड्याच वेळात स्वरूपा केस विंचरत धावत आली. "आई, आमूची वेळ बदलली! चारऐवजी दोनला बोलावलंय. मला आत्ताच निघायला पाहिजे."

"पप्पा येऊ देत."

"पप्पा ट्रॅफिकमध्ये अडकलेत, फोन केला होता त्यांनी. तासभर तरी येत नाहीत."

"अगं, पण गाडीचं काहीतरी राहिलंय म्हणत होते."

"ये इकडं." मला हाताला धरून तिनं शेडमध्ये नेलं आणि चाकापाशी खाली बसवलं. "बघ. काकांनी रेघा मारल्यात. म्हणजे झालंय सगळं."

मी वाकून बघितलं. चारी चाकांवर, एकूण एक नटावर पिवळी रेघ, ओली, चकचकीत. सकाळी ह्यांनी मागितलेला पाना मला आठवला, नाही असं नाही. पण रेघ तर समोर होती. मनात म्हटलं, शेजारच्या गॅरेजमधून पाना आणून उरकलं असेल. मी नाही म्हटलं म्हणून काम ठेवणारा माणूस नव्हे तो, आणि न आवळता नागसेन रेघ मारायचा नाही. कुंकवापेक्षा त्या रेघेवर माझा भरवसा जास्त, आता काय सांगू!

मग मी माझ्या हातानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. "सावकाश जा गं. ते पाठ चिकटवायचे चाळे करू नको." "हो गं आई." लिंबू फुटलं आणि गाडी गल्लीतून वळून गेली. जाताना तिनं दोनदा हॉर्न वाजवला.

पाऊण तासानं हे आले. एका हातात झेंडूची पिशवी, दुसऱ्या हातात आपट्याच्या डहाळ्या. शेडमध्ये आले आणि जागीच थांबले.

"विजू, गाडी कुठाय?"

"गेली की. आमूची वेळ बदलली. दोनला बोलावलंय तिला."

ते जमिनीकडं बघत राहिले, जिथं लिंबू चेपलं होतं. मग अगदी हळू म्हणाले, "मी नट आवळले नव्हते."

"काहीतरीच काय बोलताय? रेघा होत्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या."

"कुणी मारल्या रेघा?"

त्यांनी नागसेनला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"नागसेन, स्वरूच्या गाडीला रेघा मारल्यास तू?"

"मारल्या की. शिडी न्यायला आलो तेव्हा. गाडी खाली होती."

"आवळली नव्हती रे. नुसती हातानं बसवलीयत."

पलीकडं झेंडे बांधणाऱ्या पोरांचा दंगा चालला होता. नागसेन म्हणाला, "चारी?"

"चारी."

"कुठाय गाडी?"

"पोरी निघाल्या मुंबईला."

मला राहवलं नाही. मी फोन हिसकावून घेतला. "डोळे फुटले होते का हो तुमचे? आवळल्याशिवाय रेघा ओढताच कशा? विचारायला तोंड नव्हतं? मी आत मेले होते का?"

"वहिनी, इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही." तो म्हणाला. "माझी पण आहे आत."

मी फोन ह्यांच्या हातात टाकला आणि ह्यांच्यावर उलटले. "आणि तुम्ही! आवळायची नव्हती तर खाली घेतलीच कशाला?"

"मी पाना मागितला होता, विजू."

एवढंच बोलले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. मी तशीच आत गेले. पूजेतला पाना उचलला. पदरानं त्याचं हळदकुंकू पुसलं. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे, मला काही वाटलं नाही. पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "पळा."

"मी येते" म्हटलं तर नको म्हणाले. "तू इथं बस आणि फोन लावत राहा. मला गाडी चालवताना लावता येणार नाही." नागसेनला त्यांनी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात येऊन थांबायला सांगितलं आणि आमची जुनी व्हॅन काढली. चाक आवळणारा माणूस आमच्या घरातून पाना घेऊन आवळायचं राहिलेल्या चाकांमागं धावत होता. वरातीमागून घोडं ते हेच.

मी स्वरूपाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मला तो समोरच्या कप्प्यात, आवाज बंद केलेला दिसत होता. आमूचा फोन तर बंदच. मुलाखतीआधी डोकं शांत ठेवायला ती फोन बंद ठेवते, मला माहीत होतं. केवढ्या शहाण्या पोरी आमच्या! एक तरी बेशिस्त निघाली असती तर देवाला नारळ फोडला असता मी.

मोशीजवळ एकदा मी एका टेम्पोचं चाक निखळताना बघितलंय. आधी टेम्पो नुसता हलायला लागला, मग एका बाजूला बसला, आणि चाक त्याला सोडून पुढं गेलं. दुभाजकावरून उडून पलीकडच्या रस्त्यावर गेलं आणि तिकडच्या गाड्यांनी करकचून ब्रेक मारले. तो टेम्पो वीटभट्टीचा होता, रांगत चालला होता, म्हणून माणूस वाचला. माझी पोरगी रांगत जाणारी नव्हती.

एक्स्प्रेसवेच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी गाडीचा रंग, नंबर सगळं विचारून घेतलं, गस्तीच्या गाडीला कळवते म्हणाल्या, "ताई, घाबरू नका" असंही म्हणाल्या. बिचारीचं काम होतं ते. पण सणाच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाड्यांचा पूर असतो, त्यातून एक गाडी कशी शोधणार ती माणसं? मी पुन्हा स्वरूपाला फोन लावला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला.

अजून एक आशा होती. पोरगी रावेतपर्यंत शहरातल्या गर्दीत हळू गेली असेल. आमूला घ्यायला थांबली असेल. तिथं थांबल्यावर फोन बघेल. मी देवासमोर बसले, एका हातात फोन, समोर समई. आई तुळजाभवानी, फक्त तिला थांबव. बाकी काही मागत नाही.

फोन थरथरला. मी झडप घातली. मेसेज होता. त्या गाडीचा फास्टॅग माझ्या नंबरवर आहे, रिचार्ज मीच करते म्हणून. उर्से टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा मेसेज होता तो.

म्हणजे पोरी एक्स्प्रेसवेवर होत्या. रावेतला थांबून, आमूला घेऊन, कुणाचाही फोन न बघता टोल ओलांडून गेल्या होत्या. मोकळा रस्ता, भरलेली टाकी, नवीन ऑइल आणि बॉनेटखाली तो मेला टर्बो. पुढं लोणावळा आणि त्यापुढं घाट. ह्यांना फोन करून सांगितलं तर नागसेननं उचलला. "उर्से ओलांडलं," मी म्हटलं. तो म्हणाला, "आम्ही देहूरोडला आहोत." दोघांनाही कळलं, गाठणं शक्य नाही. मी फोन ठेवला.

तेवढ्यात नागसेनच्या बायकोचा, कस्तुराचा फोन. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "विजूताई, निघाल्या का पोरी? आमू फोन बंद ठेवते बाई, जीव नुसता टांगणीला लागतो. आणि आमचे हे झेंडे अर्धवट सोडून कुठं गेले हो? शिडी तशीच उभी आहे." मागं विहारातल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तिला सांगावं की सांगू नये? सांगितलं तर माझ्यासारखीच एक बाई अजून मरणार, आणि करता येणार काहीच नाही. न सांगावं तर कुठल्या तोंडानं? तिचीही पोर त्याच गाडीत, आणि तिला त्या गाडीत बसवलं ते माझ्या लिंबानं.

"कस्तुरा," मी म्हटलं, "बस आधी खाली."

मी सगळं सांगितलं. पाना, रेघ, उर्से, सगळं. पाना मी दिला नाही हेही सांगितलं. ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, तोंडाला येईल ते बोलेल, मी असते तर बोलले असते. ती म्हणाली, "तुम्ही एकट्याच आहात का तिथं?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मग फोन ठेवू नका. नको, ठेवा. स्वरूचा येईल." मी फोन ठेवला.

मग काही नाही. बाहेर कंपनीच्या बसेस गेल्या. शेजारच्या गॅरेजमध्ये ढोल वाजायला लागला, त्यांची आरती सुरू झाली होती. माझ्यासमोर लाल कापडावर मधोमध पान्याची जागा रिकामी होती, भोवती कुंकवाचे शिंतोडे. मी त्या जागेकडं बघत बसले. चाक कुठलं निघेल, पुढचं की मागचं? वेगात पुढचं निघालं तर गाडी कुठं वळेल? डावीकडं दरी असते की उजवीकडं? असलं विचारू नये मनाला, पण मन विचारतंय तर काय करणार. मी स्वरूपाचं बाळपण आठवायला लागले आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आठवायचं कशाला? जिवंत आहे ती!

फोन वाजला. स्वरूपाचं नाव. मी घाईनं उचलला.

"आई, इतके मिस्ड कॉल? काय झालंय? पप्पा बरे आहेत ना?"

"कुठं आहेस तू? गाडी थांबवलीस का? थांबव आधी!"

"थांबलेच आहे. लोणावळ्याच्या अलीकडे, पंपावर. आमूला बाथरूमला जायचं होतं. आई, ऐक ना, पप्पांना दे. स्टिअरिंग थोडं थरथरत होतं, मला वाटलं रस्ताच खराब आहे. इथं थांबले, इंजिन चालू ठेवलं टर्बो निवायला, आणि पप्पा सांगतात तशी फेरी मारली." तिचा आवाज बारीक झाला. "मागच्या डाव्या चाकाची एकही रेघ जागेवर नाही. नट एकीकडं आणि चाक एकीकडं. दोन नट तर नाहीतच, आई. पडलेत कुठंतरी. असं कसं होईल? काकांनी खूण केली होती ना?"

मला रडू आलं. असं आलं की शब्दच फुटेना. पोरगी तिकडून "आई, आई" करतेय आणि मी इकडं हमसून हमसून रडतेय. शेवटी म्हटलं, "किल्ली काढ. गाडीपासून लांब उभी राहा. आमूला घेऊन बाजूला बस. पप्पा येतायत, काका येतायत. गाडीला हात लावलास तर तंगडी तोडीन."

मग ह्यांना कळवलं. मग कस्तुराला कळवलं. ती फोनवर नुसती "हो, हो, हो" म्हणत राहिली. मागचं हसणं थांबलेलं होतं, सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या असणार.

ते दोघं तिथं पोचले तेव्हा स्वरूपानं मला परत फोन लावला. "आई, तू ऐक. मी फोन इथंच ठेवते, गाडीपाशी." मी घाबरलेय हे तिला कळत होतं. आमू फोनवर आली, म्हणाली, "काकू, माझी मुलाखत संध्याकाळी घेणार आहेत ते, मी फोन केला त्यांना. तुम्ही रडू नका बरं." त्या पोरीला माझी काळजी! मी तिच्या बापाला काय काय बोलले होते ते तिला ठाऊक नव्हतं.

मग हे दिसत नसले तरी ऐकू यायला लागले. व्हॅनचं दार. पत्र्याच्या डब्यात नट शोधल्याचा खणखणाट, त्या चाकाला बसतील असे नट त्यांच्या डब्यात नेहमी असतातच. लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज. आणि मग माझ्या ओळखीचा तो आवाज आला. टक.

त्यानंतर काहीच नाही. मला वाटलं फोन बंद पडला.

"मार की रे," ह्यांचा आवाज आला.

"आधी तोंडानं सांग," नागसेन म्हणाला.

मग हे म्हणाले, "आवळला."

"आवळला?"

"आवळला."

"मारतो मग."

टक. "आवळला." "आवळला? मारली." टक. "आवळला." एकेका नटाला विचारत होते आणि सांगत होते, लहान पोरांनी पाढे म्हणावेत तसे. मध्येच एकदा नागसेनचा आवाज थांबला, नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि ह्यांनीच त्याला विचारलं, "मारली का?" "मारली," तो म्हणाला. दुसरं चाक, तिसरं चाक. समईची वात खाली बसली होती, मी एका हातानं ती वर सारली, दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून ठेवला.

"आई, आहेस ना?" स्वरूपा हळूच म्हणाली. "ऐकतेयस? पप्पा आणि काका बोलतायत."

"ऐकतेय," मी म्हटलं. "बोलू दे त्यांना. तू मध्ये बोलू नको."